पोटगी कीं वाटणी?

इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ या १८७९ सालच्या नाटकाचा शेवट आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. अनंत काणेकरांनीं ‘घरकुल’ या नांवानें तें नाटक मराठींत आणलें. प्र. के. अत्र्यांच्या ‘घराबाहेर’मधील निर्मलेनें १९३४ सालीं श्रीमंत सासरचा उंबरठा ओलांडला. तेव्हांपासून मराठी रंगभूमीवर बंड करणाऱ्या पत्नीचा मार्ग जणूं ठरून गेला: दार उघडावयाचें आणि बाहेर पडावयाचें. प्रेक्षक टाळ्या वाजवितात आणि पडदा पडतो. त्या उघडलेल्या दारासंबंधीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें दार ज्या घराचें होतें, तें घर कोणाचें, हा प्रश्न कोणा टीकाकारानें नेटानें विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

मूळ नाटकांतील नोरा घराच्या किल्ल्या ठेवून देते, आंगठी परत करते, माहेराहून आणलेल्या वस्तु मैत्रीण उद्यां येऊन बांधून घेईल असें सांगते, आणि यापुढें नवऱ्याकडून कांहींही स्वीकारणार नाहीं असें बजावते. हा नकार उदात्त मानण्याची चाल आहे. पण त्याच नाटकाचे आधींचे अंक हिशेबाच्या दृष्टीनें वाचावे. आजारी नवऱ्यास इटलीस नेण्यासाठीं नोरेनें कर्ज काढलें. पतीच्या संमतीवांचून पत्नीस कर्ज काढतां येत नव्हतें, म्हणून तिनें बापाची खोटी सही केली, आणि पुढें घरखर्चांतून व स्वतःच्या कपड्यांतून वांचवून, रात्रीं नकला उतरून, वर्षानुवर्षें तें फेडलें. म्हणजे ज्या गृहस्थाच्या घरांतून ती रिकाम्या हातानें जाते, त्या गृहस्थाचा जीव तिच्या कष्टाच्या पैशानें वांचलेला आहे! ही जमेची बाजू शेवटच्या अंकांत कोणीच मांडीत नाहीं.

इब्सेनला ही उणीव कळत नव्हती असें नव्हे. १८८४ सालीं विवाहित स्त्रियांस स्वतंत्र मालमत्तेचा हक्क असावा, असा अर्ज नॉर्वेच्या लोकसभेकडे गेला. त्यावर ब्यर्नसनप्रभृति साहित्यिकांबरोबर इब्सेनचीही सही होती. चार वर्षांनीं त्या देशांतील विवाहित स्त्रीस कायद्यानें सज्ञानाचे अधिकार मिळाले. आमच्या नाटककारांनीं इब्सेनचें दार घेतलें, अर्ज मात्र घेतला नाहीं. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’मध्यें (१९४२) तर नायिकाच मिळवती आहे. तिचें यश न साहणारा पति हा त्या नाटकाचा विषय. हिशेबाचा प्रश्न अगदीं हाताशीं होता. परंतु नाटक मानापमानाच्या अंगानें जातें, आणि त्या काळच्या प्रेक्षकास तेंच रुचणारें होतें.

पतिपत्नींच्या वियोगांत पैशाचें नांव काढणें आम्हां पांढरपेशांस हलकेपणाचें वाटतें, हें याचें कारण म्हणून सांगतात. आम्हांस तें पटत नाहीं. लग्न जमवितांना ‘याद्या’ करावयास, मानपानाची एकेक बाब कागदावर उतरवून दोन्ही पक्षांच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्यावयास, हाच वर्ग कधीं लाजला नाहीं. भाऊबंदकींत तर परसांतल्या फणसाच्या झाडावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालविले. मग लग्न मोडतांनाच तेवढी यादी कां नको?

याचें उत्तर आमच्या भाषेंतील दोन शब्दांत सांपडतें. भाऊ वेगळा होतो तेव्हां त्यास ‘वाटणी’ मिळते. बायको वेगळी होते तेव्हां तिला ‘पोटगी’ मिळते. पहिला शब्द भागीदाराचा आहे, दुसरा आश्रिताचा. पोटापुरतें देणें हें त्या शब्दांतच सांगितलेलें आहे. मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं हिंदूंस घटस्फोटाचा कायदा मिळाला, १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा सर्व देशासाठीं झाला. परंतु दृष्टि पोटगीचीच राहिली. १९५५ च्या कायद्याच्या २५ व्या कलमान्वयें न्यायालय कायमची पोटगी ठरवूं शकतें. २७ व्या कलमान्वयें लग्नाच्या वेळीं किंवा सुमारास मिळालेल्या, उभयतांच्या सामाईक वस्तूंची व्यवस्था लावतां येते. ढोबळ मानानें सांगावयाचें तर लग्नांत आलेलीं चांदीचीं भांडीं वांटतां येतात, संसारांत घेतलेलें घर वांटतां येत नाहीं. तें ज्याच्या नांवावर त्याचें. स्त्रीधनाची गोष्ट निराळी. तें पत्नीचेंच, पति त्याचा केवळ विश्वस्त, आणि तें दाबून ठेवल्यास तो विश्वासघाताचा गुन्हा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं स्पष्ट केलें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें पत्नीस सामाईक घरांत राहण्याचा हक्क दिला. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

याचा परिणाम पुण्यासारख्या शहरांत कसा होतो, तो पाहण्यासारखा आहे. कोथरुडांत किंवा सिंहगड रस्त्यावर सदनिका घेतलेलें एखादें नोकरदार जोडपें डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या पगारांतून बँकेचा हप्ता जातो. तिच्या पगारांतून वाणी, दूध, मुलांची फी, सासूबाईंचीं औषधें. दोघांनीं मिळूनच असें ठरविलेलें असतें, आणि त्यांत कोणाचा कपटभाव नसतो. पंधरा वर्षांनीं संसार मोडला कीं हप्त्याची प्रत्येक पावती बँकेच्या दप्तरीं सुरक्षित असते. दुधाचा हिशेब कोणी जपून ठेविलेला नसतो. कागदोपत्रीं घर त्यानें घेतलें, तिनें केवळ खर्च केला! जिनें मुलांसाठीं नोकरीच सोडली, तिच्या नांवावर तर खर्चाचीही नोंद नाहीं.

स्त्रीला वाटा देणें ही पाश्चात्यांची कल्पना, असें म्हणणाऱ्यांनीं महामहोपाध्याय काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उघडावा. त्याचे खंड १९३० ते १९६२ या काळांत याच शहरांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें छापले. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व मधुरभाषिणी अशा पत्नीचा जो त्याग करील, त्याच्याकडून तिला त्याच्या धनाचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असेल तर तिचें पोषण करवावें, असें याज्ञवल्क्याचें वचन आहे. पत्नीच्या गुणांची ती यादी आज कोणी मान्य करणार नाहीं, आम्हीही करीत नाहीं. परंतु धन असेल तर हिस्सा आणि नसेल तरच पोषण, हा क्रम ध्यानांत घ्यावा. आमच्या कायद्यानें तो उलटा केला आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट सांगलीच्या न्यायालयांतून वर गेलेल्या एका खटल्यांत दिसते. पत्नी, दोन मुलगे व तीन मुली मागें ठेवून एक गृहस्थ वारले. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें पुण्यांत जन्मलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं निकाल दिला कीं, मृत्यूच्या क्षणापूर्वीं त्या एकत्र कुटुंबांत वाटणी झाली असें कल्पावयाचें. बाप व मुलगे यांची वाटणी झाली तर पत्नीस मुलाइतकाच वांटा मिळतो, ही इकडील शास्त्राची परंपरा. म्हणून चार भागांपैकीं एक तिचा स्वतःचा, आणि पतीच्या चौथ्या भागाचा सहावा हिस्सा वारसा म्हणून. एकूण चोविसांतील सात भाग. मुलगे वेगळे झाले तर तिला वांटा आहे, नवरा मेला तर वांटा आहे. नवऱ्यानें सोडलें तर मात्र पोटगी! विधवेसाठीं जी वाटणी न्यायालय कल्पनेनें घडवून आणतें, ती घटस्फोटितेसाठीं प्रत्यक्षांत करण्यास काय हरकत आहे, हें आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेलें नाहीं.

शेजारच्या गोव्यांत हा प्रश्न असा उरत नाहीं. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून तेथें लग्नापूर्वीं निराळा करार केलेला नसल्यास उभयतांची मालमत्ता एकत्र होते आणि घटस्फोटाच्या वेळीं निम्मीनिम्मी होते. १९६१ नंतरही ही व्यवस्था चालू राहिली. ती निर्दोष नव्हे. मालमत्तेचा कारभार संहितेनें पतीकडेच ठेविला. तरी पत्नीच्या संमतीवांचून पतीस स्थावर विकतां येत नाहीं, ही गोष्ट लहान नाहीं. मात्र वडिलोपार्जित मिळकतही त्या एकत्रांत जाते, हें आम्हांस जास्त वाटतें. आमच्या मतें लग्नाआधींचें, वारशाचें व कोणी दान दिलेलें तें ज्याचें त्याचें असावें; संसारांत दोघांपैकीं कोणाच्याही नांवें जमलेलें तें निम्में धरून आरंभ करावा, कर्जही तसेंच वांटावें, आणि अपवादात्मक प्रसंगीं कमीजास्त करण्याची मुभा न्यायाधीशास असावी. दोन वर्षांचा संसार आणि तीस वर्षांचा संसार एका मापानें मोजूं नये, हेंही उघड आहे. पत्नीच अधिक मिळविणारी असेल तर तिनें पतीस द्यावें काय? अवश्य द्यावें. हा न्याय एकाच बाजूनें चालावयाचा असेल तर आम्हांस तो नको.

२०१० सालीं केंद्र सरकारनें एक विधेयक आणलें होतें. विवाह पूर्णपणें मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट झाल्यास पतीच्या स्थावरांतून, त्याच्या वारशाच्या मिळकतीसुद्धां, पत्नीस भरपाई देण्याची त्यांत योजना होती. राज्यसभेनें तें २०१३ च्या ऑगस्टांत संमत केलें. पुढल्या वर्षीं लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलें. त्याविषयीं आम्हांस फारशी हळहळ वाटली नाहीं. वारशाच्या मिळकतीस हात घालून त्यानें विरोधकांस निमित्त दिलें, आणि हक्काच्या जागीं ‘भरपाई’ ठेवून पत्नीस पुन्हां न्यायालयाच्या मर्जीवर सोपविलें. पोटगी तेवढी मोठी झाली असती.

कायद्याचें काय व्हावयाचें तें होईल; आमच्या नाटककारांकडे मात्र आमचें मागणें आहे. नागपुराहून गेलेल्या एका प्रकरणांत २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा दंडक घातला कीं, पोटगीच्या दाव्यांत उभय पक्षांनीं आपलें उत्पन्न, खर्च, मालमत्ता व कर्ज यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें. त्या कागदाचे रकाने वाचतांना आम्हांस वाटलें कीं यांत एक संपूर्ण अंक दडलेला आहे: जेवणाच्या मेजावर बँकेचीं पुस्तकें उघडून बसलेलीं दोघें, आणि कोणत्या वर्षीं कोणाच्या पगारावर घर चाललें, कोणी बढती नाकारली, कोणाचे दागिने पहिल्या हप्त्यास गेले, याची एकेक आठवण. तेथें किल्ल्या मेजावर ठेवून निघून जाण्याची सोय नाहीं. असें नाटक आमच्या पाहण्यांत अद्याप आलेलें नाहीं.