पोर्ट ब्लेअरची अठरा नावं

सैन्याच्या बहुतेक मुख्यालयांत आजवरच्या प्रमुखांच्या नावांचा एक फलक असतो. हुद्दा, नाव आणि दोन तारखा, एवढाच मजकूर. पाहुणा त्यावर ओझरती नजर टाकून पुढे जातो. मला मात्र अशी नामावली सावकाश वाचायला आवडते. त्यात विशेषणाला जागा नसते, कुणाची स्तुती नसते, तरी संस्थेची सगळी घालमेल त्या ओळींमध्ये उतरलेली असते. सातबाऱ्याचे फेरफार वाचता येणाऱ्याला वाटण्या, भांडणं, सलोखे न सांगता कळतात, तसंच हे वाचन असतं.

अशा नामावल्यांत मला सर्वांत रसाळ वाटते ती अंदमान-निकोबार कमांडच्या प्रमुखांची. मराठी माणसाला पोर्ट ब्लेअर म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. त्या गावाचं नाव २०२४मध्ये श्री विजयपुरम झालं. तिथेच ऑक्टोबर २००१पासून देशातली पहिली संयुक्त कमांड आहे. लष्कर, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल या चौघांचं तिथलं मनुष्यबळ एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली चालतं. हा अधिकारी तीन तारे लावणारा असतो, आणि कोणत्या दलातून आला यावर तो व्हाइस अ‍ॅडमिरल, लेफ्टनंट जनरल किंवा एअर मार्शल असतो. म्हणून या यादीत नावाइतकाच हुद्दाही वाचावा लागतो. नौदलाच्या पश्चिम कमांडच्या यादीत हुद्द्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत एकाच दलाचा असतो. इथे तो सारखा बदलतो, आणि या यादीची लय त्या बदलण्यातच आहे.

कमांडचा जन्म कारगिलमधून झाला. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम समितीने उणिवा दाखवल्या आणि मंत्रिगटाने २००१मध्ये शिफारशी केल्या. तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख असावा, ही त्यातली सर्वांत मोठी शिफारस तेव्हा बाजूला राहिली. अंदमानची संयुक्त कमांड मात्र लगेच उभी राहिली. शिखर नाही आणि बुरूज आधी, असा हा प्रकार होता. या यादीतल्या पहिल्या अठरा वर्षांचे सगळे प्रमुख या अवघड बांधकामात राहिले, हे ध्यानात ठेवून पुढच्या ओळी वाचायच्या.

पहिलं नाव व्हाइस अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांचं. नामावलीची सुरुवात इतकी अचूक क्वचितच होते. प्रकाश नौदलातले वैमानिक. १९७१च्या युद्धात ते हवाई दलाकडे प्रतिनियुक्तीवर होते. २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून हंटर विमानं घेऊन त्यांनी पश्चिम आघाडीवर हल्ले केले आणि त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. गणवेश नौदलाचा, विमान हवाई दलाचं, मोहीम जमिनीवरच्या लक्ष्यांवरची. संयुक्त कमांड म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावरून तीस वर्षं आधीच गेलं होतं, असा माणूस पहिल्या ओळीवर आला. त्याआधी त्यांनी विमानवाहू विराटचं नेतृत्व केलं होतं आणि पुढे २००४मध्ये ते नौदलप्रमुख झाले. नेमणूक करताना कुणी एवढा विचार केला होता की नाही, याला महत्त्व नाही. वाचणाऱ्याला ती ओळ आज जशी दिसते, तशी ती सुंदर आहे.

नंतर येतात व्हाइस अ‍ॅडमिरल रमण पुरी. ते पुढे दिल्लीत एकात्मिक संरक्षण स्टाफचे प्रमुख झाले. बेटांवर जे हाताने करून पाहिलं, ते राजधानीत कागदावर उतरवायला हाच माणूस गेला. ही वाट नंतर याच यादीतल्या डी. के. जोशींनीही धरली.

मग रकान्यात पहिल्यांदा फरक पडतो आणि लेफ्टनंट जनरल बी. एस. ठाकूर हे नाव येतं. समुद्राने वेढलेल्या कमांडवर भूदलाचा अधिकारी कशाला, अशी शंका तेव्हा अनेकांना आली असेल. तिचं उत्तर २६ डिसेंबर २००४च्या सकाळने दिलं. रविवार होता. सुमात्राजवळ भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा आल्या. कार निकोबारचा हवाई दलाचा तळ समुद्राच्या अगदी काठावर होता, तो उद्ध्वस्त झाला. तळावरचे जवान, अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसं गेली. देशाचं दक्षिण टोक असलेलं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं.

त्या क्षणी कमांडपुढे नकाशा कसा होता, तो डोळ्यांसमोर आणून पाहावा. उत्तर-दक्षिण सातशे किलोमीटरहून लांब पसरलेली बेटं. चेन्नई सुमारे बाराशे किलोमीटर दूर. अंदमान आणि निकोबार यांच्यामध्ये दहा अंशाची सामुद्रधुनी. जेट्टी मोडलेल्या, संपर्क तुटलेला. माणसं शोधायला हेलिकॉप्टर हवाई दलाचं किंवा नौदलाचं, धान्य न्यायला जहाज, उतरवून घ्यायला आणि तंबू ठोकायला पायदळाचे जवान, लहान होड्या तटरक्षक दलाच्या. यातलं काहीही एका दलाकडे पुरेसं नव्हतं. तिन्ही दलांची तीन मुख्यालयं तीन शहरांत असती, तर मदतीची प्रत्येक फेरी तीन ठिकाणच्या होकारावर अडली असती. इथे होकार देणारा एकच माणूस होता आणि तो बेटावरच होता. मुलकी बाजूला नायब राज्यपाल होते कल्याणचे प्रा. राम कापसे. दिल्लीत नौदलप्रमुखाच्या खुर्चीवर होते अरुण प्रकाश, म्हणजे यादीतलं पहिलं नाव. ही तीन नावं एकत्र वाचली की कमांड तीन वर्षांपूर्वीच उभी करून ठेवल्याचं मोल कळतं. ठाकूर यांची ओळ मला या यादीतली सर्वांत वजनदार वाटते.

मधली काही नावं मी भराभर ओलांडतो. ती माणसं लहान होती म्हणून नव्हे. त्या वर्षांत कमांड धावपट्ट्या, तळ, गस्त यांच्या वाढीत गुंतलेली होती, आणि ते काम कुणा एकाच्या नावावर मांडता येत नाही. कॅम्पबेल बे इथला आयएनएस बाझ २०१२मध्ये सुरू झाला, उत्तर अंदमानातला आयएनएस कोहासा २०१९मध्ये. एका प्रमुखाने मागणी करायची, तिसऱ्याने पाया घालायचा आणि पाचव्याने सलामी घ्यायची, असं ते काम.

देवेंद्रकुमार जोशी यांच्या नावाशी मात्र थांबावं लागतं. पाणबुडीविरोधी युद्धतंत्राचे ते तज्ज्ञ. २००९च्या सुमारास अंदमानात, मग एकात्मिक स्टाफमध्ये, मग मुंबईत पश्चिम कमांडवर, आणि ऑगस्ट २०१२मध्ये नौदलप्रमुख. ऑगस्ट २०१३मध्ये मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले. फेब्रुवारी २०१४मध्ये सिंधुरत्न पाणबुडीवर दुर्घटना झाली आणि त्याच दिवशी जोशींनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. भारतीय नौदलाच्या प्रमुखाने असं पद सोडण्याची ही पहिलीच वेळ. ऑक्टोबर २०१७मध्ये ते पुन्हा पोर्ट ब्लेअरला आले, या वेळी नायब राज्यपाल म्हणून. एकाच माणसाने बेटं आधी गणवेशात सांभाळली आणि मग नागरी पोशाखात. स्वतःहून खुर्ची सोडलेल्या माणसावर देशाने बेटांचा कारभार सोपवला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता तारखांचा रकाना वाचू. इथे यादी बोलायला लागते. व्हाइस अ‍ॅडमिरल बिमल वर्मा २०१६ ते २०१९, तीन वर्षांहून अधिक. एवढा मोठा कार्यकाळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. २०१९मध्ये नौदलप्रमुख नेमताना ज्येष्ठता डावलली गेली, म्हणून सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलेले अधिकारी तेच. त्यांच्या पाठोपाठ लेफ्टनंट जनरल पी. एस. राजेश्वर आले, ते अवघ्या सहा महिन्यांसाठी, डिसेंबर २०१९ ते मे २०२०. यादीतल्या सर्वांत आखूड ओळींपैकी ही एक. पण नीट पाहिलं तर तिच्यावरूनच मोठी रेघ जाते. १ जानेवारी २०२०ला जनरल बिपिन रावत देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. राजेश्वर रुजू झाले तेव्हा अंदमानच्या प्रमुखावर दिल्लीत दलप्रमुखांच्या समितीचा आळीपाळीने बदलणारा अध्यक्ष होता. ते निवृत्त झाले तेव्हा तिन्ही दलांसाठी कायमचा एक वरिष्ठ होता. बुरुजाला शिखर मिळालं ते या सहा महिन्यांत.

त्यांच्यानंतरचं नाव आपल्या घरचं. लेफ्टनंट जनरल मनोज पांडे, नागपूरचे. बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी, म्हणजे मूळ घर पुण्याजवळचं खडकी. जून २०२०मध्ये त्यांनी अंदमानची सूत्रं घेतली आणि त्याच महिन्यात गलवान घडलं. जुलैत अमेरिकेची विमानवाहू निमित्झ या बेटांजवळून जाताना भारतीय नौदलाने तिच्यासोबत सराव केला. पूल बांधणारा, सुरुंग काढणारा इंजिनिअर अधिकारी अशा वर्षी समुद्री कमांडवर होता. पुढे ते लष्करप्रमुख झाले. इंजिनिअर्समधून त्या पदावर गेलेले ते पहिलेच, आणि त्यांच्याआधी त्या खुर्चीवर होते पुण्याचे मनोज नरवणे. अरुण प्रकाश, जोशी, पांडे: अठरांतले तीन आपापल्या दलाचे प्रमुख झाले. पांडे अंदमानात राहिले ते मात्र जेमतेम एक वर्ष.

नंतर लेफ्टनंट जनरल अजय सिंह, मग एअर मार्शल साजू बालकृष्णन, आणि जून २०२५पासून लेफ्टनंट जनरल दिनेश सिंह राणा, अठरावे. हवाई दलाच्या ओळी यादीत फार थोड्या आहेत. पी. के. रॉय यांची पहिली, मग बऱ्याच वर्षांनी बालकृष्णन यांची. कार निकोबारला हवाई दलाने जी किंमत मोजली ती पाहता हा वाटा मला अपुरा वाटतो.

बालकृष्णन यांच्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ती फलकावर दिसत नाही, पण फलकाचा अर्थच तिने बदलला. लष्कराचा कायदा १९५०चा, हवाई दलाचा १९५०चा, नौदलाचा १९५७चा. संयुक्त कमांडचा प्रमुख नौदलातला असेल आणि हवाई दलाच्या जवानाने शिस्त मोडली, तर आदेश देणारा एक आणि शिक्षेचा अधिकार दुसऱ्या दलाकडे, अशी रचना होती. लढाईचा हुकूम देता येतो पण रजेवरून उशिरा आलेल्याला दंड करता येत नाही, या अवस्थेत ही कमांड दोन दशकं चालली. आंतरसेवा संघटनांसाठीचा २०२३चा कायदा मे २०२४मध्ये लागू झाला आणि प्रमुखाला आपल्या हाताखालच्या प्रत्येकावर, मग तो कोणत्याही दलाचा असो, शिस्तीचा अधिकार मिळाला. आधीच्या सोळा जणांनी हे काम निव्वळ शब्दावर आणि सलोख्यावर निभावलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर हा कायदा वाचून दुणावला.

चोवीस वर्षांत अठरा नावं. सरासरी दीड वर्षाच्या आत माणूस बदलतो. आलटून पालटून तिन्ही दलांना संधी देणं मला योग्यच वाटतं, त्यातूनच ही नामावली एवढी श्रीमंत झाली. पण इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मलाक्काकडे जाणारी जहाजं तिथूनच वळतात. एवढा पसारा ओळखीचा व्हायलाच वर्ष जातं. आता देशात नव्या संयुक्त थिएटर कमांडची तयारी चालू आहे. त्यांचे प्रमुख ठरवताना संरक्षण मंत्रालयाने ही यादी समोर ठेवावी आणि प्रत्येकाला किमान तीन वर्षं द्यावीत. अंदमानात ती आजवर एकालाच मिळाली आहेत.