नौकेतील एकांत आणि किनाऱ्यावरचे शहर

स्वतःच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या सफरीच्या वर्णनाला प्रवासवाङ्मयात एक वेगळे स्थान आहे. आगगाडीचा प्रवासी वेळापत्रकाने बांधलेला असतो. मोठ्या जहाजावरील उतारू कप्तानाच्या स्वाधीन असतो. लहान नौकेचा धनी मात्र वारा आणि भरती-ओहोटी यांखेरीज कोणाचाही बांधील नाही, अशी त्याची निदान समजूत असते. परंतु अशा सफरीत किनारा कधीच फार वेळ दृष्टीआड होत नाही. बंदरांतील दिवे, बंगल्यांच्या रांगा आणि पुढे कोठेतरी असलेले मोठे शहर यांचे भान नौकेवरील माणसाला सतत असते. म्हणून या प्रकारच्या लेखनापुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहतो: येथे वर्णिलेला एकांत खरोखर अनुभवलेला असतो, की ती केवळ लेखकाने धारण केलेली भूमिका असते?

या प्रश्नाच्या विचारासाठी एकोणिसाव्या शतकातील दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. जॉन मॅकग्रेगर या ब्रिटिश बॅरिस्टरने १८६७ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या एकवीस फूट लांबीच्या शिडाच्या नौकेतून लंडनहून पॅरिसपर्यंत एकट्याने प्रवास केला, व त्याचा वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. गी द मोपासाँ याचे ‘स्यूर लो’, म्हणजे ‘पाण्यावर’, हे पुस्तक १८८८ चे. ‘बेलामी’ या आपल्या नौकेतून दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याने आँतीब, कान, आगे, सँ-राफाएल, सँ-त्रोपे असा केलेला प्रवास त्यात रोजनिशीच्या रूपाने आला आहे.

मॅकग्रेगरच्या पुस्तकात काम आहे. नांगर टाकणे, शीड आवरणे, स्वयंपाक करणे, रात्री जागे राहणे हे सर्व एकाच माणसाच्या हातून घडते, आणि त्याचे वाक्यही त्या कामाच्या गतीने चालते. त्याच्या एकटेपणाविषयी संशय घेण्यास जागा नाही. तथापि ज्या शहराकडे तो निघाला आहे, ते शहर त्याला कोणताही प्रश्न विचारीत नाही. पॅरिसमध्ये त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरले होते. मॅकग्रेगर ते पाहतो, बरोबर आणलेल्या धार्मिक पुस्तिका वाटतो, आणि हाव्रहून एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडून परत येतो. जाताना होता तसाच तो परततो. त्याच्या श्रद्धेला कोठेही धक्का लागत नाही; म्हणून त्याचे पुस्तक आनंददायक असूनही अंतर्मुख होत नाही.

मोपासाँची गोष्ट नेमकी उलट आहे. बर्नार आणि रेमाँ हे दोन खलाशी त्याची नौका चालवितात. पहाटे वारा कोठून येणार, मिस्त्राल केव्हा उठेल, कोणत्या आडोशाला नांगर टाकावा, हे ज्ञान त्यांचे आहे. लेखकाच्या वाट्याला उरते ते पाहणे आणि विचार करणे. ज्या निवांतपणाचा तो गौरव करतो, तो दुसऱ्यांच्या श्रमावर उभा आहे. मोपासाँ हे लपवीत नाही; खलाशांविषयी त्याला जिव्हाळा आहे. परंतु आपल्या एकांताच्या हिशेबात तो त्यांना धरीत नाही, ही या पुस्तकातील पहिली उणीव होय.

दुसरा आक्षेप अधिक वेळा घेतला जातो. लाटांवर हेलकावे घेत असता सहज सुचलेले विचार आपण टिपले, असे प्रास्ताविकात सुचविले असले, तरी युद्धावरील प्रखर परिच्छेदांसारखा बराच मजकूर लेखकाने आधी वृत्तपत्रांत लिहिलेल्या लेखांतून घेतलेला आहे. मात्र एवढ्यावरून पुस्तक अप्रामाणिक ठरविणे योग्य होणार नाही. रोजनिशी हा येथे रचनेचा प्रकार आहे, साक्षीचा पुरावा नव्हे. पाहावयाचे ते इतकेच, की जुना मजकूर नौकेवर आल्याने त्याला नवा अर्थ लाभला काय? तो लाभला आहे. नगरातल्या वाचकासाठी लिहिलेले विचार निर्जन पाण्यावर पुन्हा उच्चारले जातात, तेव्हा लेखक शहर सोडून आलेला नाही, ते त्याच्याबरोबरच नौकेत बसले आहे, हे आपोआप सिद्ध होते. लेखकाला कोणतीही भावना साधेपणाने भोगता येत नाही, तो भोगतानाही स्वतःकडे पाहत असतो, हे याच पुस्तकातील त्याचे आत्मपरीक्षण या दृष्टीने वाचले पाहिजे.

कान येथील राजपुत्रांची गर्दी आणि तिच्याभोवती घुटमळणारे लोक यांचा उपहास करणारा हा लेखक एका मित्राची तार येताच माँटे कार्लोकडे निघतो. एकांताची सारी स्तुती त्या एका तारेने संपते. समीक्षकाने हा विसंवाद दोष म्हणून नोंदविण्यापेक्षा पुस्तकाचे सत्य म्हणून स्वीकारावा. मोनाकोतील एका कैद्याची जी उपरोधिक कथा या भागात येते, तिच्यावरून टॉल्स्टॉयने पुढे आपली एक कथा रचली. शहराजवळ येताच मोपासाँमधील कथाकार पुन्हा जागा झाला, हे त्यावरून दिसते.

मराठी भाषांतरकारापुढे येथे एक वेगळीच कसोटी आहे. नौकेच्या भागापुरती मराठी मुळीच दरिद्री नाही. शीड, डोलकाठी, सुकाणू, तांडेल हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर रुळलेले आहेत. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला ‘मतलई’ हा नेमका शब्दही आहे. परंतु हे शब्द कष्टकऱ्याचे आहेत. ते बर्नारच्या तोंडी शोभतील. हौसेखातर नौका बाळगणाऱ्या धन्याची भाषा त्यांत नाही. ग्रांथिक मराठीत सगळे पुस्तक एकाच स्वरात उतरविल्यास मालक आणि खलाशी यांच्यातील अंतर नाहीसे होईल, आणि त्याबरोबर मूळ कृतीतील ताणही. दोन स्वर राखणे हेच येथे भाषांतरकाराचे खरे काम आहे.

१८९२ च्या जानेवारीत, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर, मोपासाँला कानहून पॅरिसला नेण्यात आले. निघण्यापूर्वी, स्मृती जागी व्हावी या आशेने, त्याला त्याची ‘बेलामी’ दाखविली गेली, असे सांगतात. पॅरिसचा तो प्रवास आगगाडीने झाला आणि १८९३ च्या जुलैत तेथेच त्याचा अंत झाला. या दुःखद शेवटाचा प्रकाश पुस्तकावर मागाहून पाडणे टाळले पाहिजे. पुस्तकाचे महत्त्व त्याच्या पानांतच आहे. मॅकग्रेगरचे एकटेपण अधिक खरे होते, पण त्याने स्वतःविषयी काही शोधले नाही. मोपासाँचा एकांत अपुरा होता, आणि त्या अपुरेपणाची त्याने नकळत दिलेली कबुली हेच ‘स्यूर लो’चे वाङ्मयीन मोल होय.