हवेच्या बंदुकांचीं सूचिपत्रें

काव्य, नाटक, कादंबरी यांच्या पंक्तीस दुकानदाराचें सूचिपत्र आणून बसविलेलें पाहून कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील. त्यांनीं थोडा धीर धरावा. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या इंग्रजी पेढीचें १९०७ सालचें जाडजूड सूचिपत्र १९६९ मध्यें पुनर्मुद्रित होऊन ग्रंथ म्हणून विकलें गेलें. तिच्या मुंबईच्या शाखेची इमारत काळा घोड्यापाशीं आजहि उभी आहे. मग एकाच जिनसेच्या सूचिपत्रांनीं काय पाप केलें आहे? दट्ट्यानें दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा फेंकणाऱ्या बंदुकांचीं जुनीं सूचिपत्रें व जाहिरातपत्रकें जमविण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेंत बराच रुजलेला आहे. त्या छंदाविषयीं आम्हांस आदर वाटतो. संग्राहकांच्या वाचनपद्धतीविषयीं मात्र आमची तक्रार आहे.

तक्रार अशी कीं, ते सूचिपत्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करतात. अमुक दस्ता केव्हां बदलला, तमुक शिक्का कोणत्या वर्षीं आला, एवढें वदवून घेतलें कीं त्याची सुटका होते. हें काम क्षुल्लक नव्हे. जर्मनींतील रास्टाट येथें १८९० सालीं स्थापन झालेल्या कारखान्याचें 'डायाना' हें नांव घ्या. मृगयेची देवता आपलें धनुष्य टाकून देऊन हवेची बंदूक हातांत उंच धरते आहे, असें तिचें बोधचिन्ह. (देवतेनेंच शस्त्र बदललें, तेव्हां गिऱ्हाइकानें मागें कां राहावें!) दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रसामग्री आणि नांव हीं दोन्ही स्कॉटलंडच्या मिलब्रो पेढीकडे गेलीं, पुढें मूळ जर्मन कारखान्याचा माल इंग्लंडांत 'ओरिजिनल' या नांवानें विकावा लागला. केवळ देवतेच्या चित्रावर भिस्त ठेवणारा येथें हमखास फसेल. सूचिपत्रें जवळ असणारा फसणार नाहीं.

परंतु साक्ष संपल्यावर जें वाचन सुरू व्हावयास हवें तें होत नाहीं. याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील आहे. मिशिगनमधील प्लिमथ गांवीं लोखंडी पवनचक्क्यांचा एक कारखाना होता. १८८८ पासून तो चक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला हवेची एक बंदूक भेट देऊं लागला. थोड्याच वर्षांत चक्की मागें पडली, भेट पुढें आली आणि १८९५ सालीं कारखान्यानें बंदुकीचें 'डेझी' हें नांवच धारण केलें. याच डेझीची 'रेड रायडर' बंदूक जीन शेफर्ड या विनोदी लेखकाच्या १९६६ सालच्या पुस्तकामुळें व त्यावरून निघालेल्या १९८३ च्या चित्रपटामुळें अजरामर झाली. कथेंतील मुलगा नाताळासाठीं हीच बंदूक मागतो. तीहि दस्त्यावर होकायंत्र व छायाघटिका असलेली. आणि भेटेल तो वडीलधारा 'डोळा फोडून घेशील' म्हणून त्याला परत पाठवतो.

आतां संग्राहक डेझीचीं सूचिपत्रें काढून दाखवितात कीं, रेड रायडरवर होकायंत्र नव्हतें, छायाघटिकाहि नव्हती. तीं होतीं 'बक जोन्स' या नटाच्या नांवानें निघालेल्या दुसऱ्या बंदुकीवर. लेखक चुकला, असें म्हणून प्रकरण मिटविण्यांत येतें. आमच्या मतें तें येथें सुरू होतें. शेफर्ड यांचा जन्म १९२१ चा. रेड रायडरची चित्रमालिकाच निघाली १९३८ त. त्या नांवाची बंदूक बाजारांत आली तेव्हां त्यांचें बाळपण सरलें होतें. उलट बक जोन्सची बंदूक १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावरची, म्हणजे त्यांच्या तेराव्या-चौदाव्या वर्षांतली. तेव्हां होकायंत्र हीच त्यांची खरी आठवण असावी आणि रेड रायडर हें तिच्यावर मागाहून चढलेलें नांव असावें, असा तर्क आम्ही करतों. चूक दाखविणाऱ्या पत्रकानेंच लेखकाची बाजू राखली, ती अशी.

आणि तें होकायंत्र तरी कशाला हवें होतें? ज्या मुलाला दिवेलागणीपूर्वीं घरीं परतावयाचें आहे, त्याला हॅमंडसारख्या कारखान्यांच्या गांवांत वाट चुकण्याची भीति नाहीं. नेम धरतांना छायाघटिकेवर वेळ कोण पाहतो? परंतु त्या दोन निरुपयोगी वस्तूंनीं परसांत अख्खें अरण्य आणून उभें केलें. पत्रक लिहिणाऱ्याला हें पक्कें कळत होतें. त्याला एकाच पानावर दोघांशीं बोलावयाचें होतें: हट्ट धरणाऱ्या मुलाशीं आणि पैसे मोजणाऱ्या बापाशीं. मुलाला माळरानाचें साहस, बापाला स्थिर हाताची व शिस्तीची ग्वाही. तीं दोन स्वरांतलीं वाक्यें कोठें बेमालूम मिळतात व कोठें शिवण दिसते, हें पाहण्यांत आम्हांस कादंबरीइतकाच रस वाटतो.

बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. पेढीच्या पानांवर ही शिवण अधिक अस्वस्थ करते. आपल्याकडे हीं अक्षरें सायकलीमुळें व मोटारसायकलीमुळें परिचित आहेत. लिंकन जेफ्रिज यांच्या १९०४ च्या पेटंटावरून ती पेढी १९०५ पासून हवेच्या बंदुका करूं लागली. त्या काळीं इंग्लंडच्या मध्यभागांतील मद्यगृहांत लोक संध्याकाळीं पत्र्यांतील बारीक भोंकांतून पलीकडची घंटा वाजविण्याच्या शर्यती लावीत. इतका निरुपद्रवी हा खेळ! परंतु युद्धापूर्वींच पेढीनें लष्करी बंदुकीच्या धर्तीचा एक नमुना काढला, आणि खरी लष्करी ली-एनफील्डहि तिच्याच कारखान्यांत होत असे. १९०८ सालीं जो मुलगा दहा वर्षांचा होता तो १९१६ त अठरा वर्षांचा झाला, आणि त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें सक्तीची लष्करभरती सुरू झाली. सूचिपत्राला हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. वाचणाराला ठाऊक आहे. म्हणून नळीच्या लांबीचे आंकडे उतरून घेऊन पान उलटणें आम्हांस जमत नाहीं.

शेवटीं भावासंबंधीं एक शब्द. मागणीचें कूपन कापून घेतलेली प्रत संग्राहक सदोष मानतात व तिला कमी किंमत येते. कोरी, न हाताळलेली प्रत चढ्या भावानें जाते. ती कोरी प्रत बहुधा दुकानदाराच्या खणांतच पडून राहिलेली असणार. कूपन कापलेली, कडेला पेन्सिलीनें टपालखर्चाची बेरीज मांडलेली एखादी प्रत आमच्या समोर आली, तर आम्ही आधीं ती उचलूं.