चित्रातली बैठक

अजिंठ्यावर लिहिताना आपण बहुधा पद्मपाणीच्या डोळ्यांपाशी थांबतो. मी अलीकडे तिथली आसने पाहतो. पहिल्या आणि सतराव्या लेण्यातल्या राजवाड्याच्या प्रसंगांत मंच आहेत, लोड आहेत. अजिंठ्याच्या चित्रांत वेताच्या बुटक्या गोल बैठकाही भेटतात. ही लेणी वाकाटक हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातले.

अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात सरकारी योजनेतल्या चित्रकारांनी शेकर पंथीयांच्या खुर्च्या जलरंगात हुबेहूब उतरवल्या. तिथे खुर्ची शाबूत आहे, चित्र तिच्याशी ताडून पाहता येते. लाकूड आणि वेत दीड हजार वर्षे कुठले टिकायला! तरी अजिंठ्याच्या चित्रकारावर माझा विश्वास बसतो, तो वेताच्या विणीमुळे. कथेला तिची गरज नव्हती, नुसता रंगाचा गोळा चालून गेला असता. त्याने वीण काढली. बुरुडाचा हात चालताना ज्याने पाहिला आहे, त्यालाच हे सुचते.

१८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ साली लंडनला आगीत गेल्या. म्हणजे वस्तू नाही आणि नकलाही अर्धवट.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांतली घडवंची, बाज, माचा मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. लाकडाच्या भावाने विकल्या जातात. विणीसकट चितारलेली एकही बाज माझ्या पाहण्यात नाही.