जिल्ह्याची सरासरी आणि बाकावरचं मूल

आजचा विषय गणिताचा आहे, पण गणित कसं शिकवावं हा नाही. जिल्ह्यातली मुलं गणितात पुढे सरकली की नाही हे आपण कसं ठरवतो, आणि ठरवताना कुठे फसतो, यावर बोलायचं आहे. सर्वेक्षणं बंद करा, असं आमचं म्हणणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांच्यामुळेच बऱ्याच गोष्टी उजेडात आल्या. आमची तक्रार आहे ती आकडे वाचण्याच्या सवयीबद्दल.

अगदी अलीकडचं उदाहरण घेऊ. ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. इयत्ता तिसरी, सहावी आणि नववी. गणितात देशाची सरासरी तिसरीला ६० टक्के, सहावीला ४६ आणि नववीला ३७. यावरून लगेच एक वाक्य तयार होतं : मुलं जसजशी वर जातात तसतसं त्यांचं गणित कच्चं होत जातं. आम्हीही पहिल्यांदा तसंच वाचलं. पण जरा थांबून बघा. तिन्ही इयत्तांची मुलं वेगळी, तिन्ही प्रश्नपत्रिका वेगळ्या. नववीतलं जे मूल ३७ च्या गटात मोजलं गेलं, ते तिसरीत असताना कुठे होतं, हे या तक्त्यात नाहीच. घसरण खरी असेलही, पण हे आकडे ती सिद्ध करत नाहीत. शिवाय २०१७ आणि २०२१ च्या सर्वेक्षणांत तिसरी, पाचवी, आठवी या इयत्ता होत्या. २०२४ ला इयत्ताच बदलल्या, म्हणजे वरच्या इयत्तांची आधीची मालिका तिथेच तुटली.

मग ‘असर’कडे वळू. २००५ पासून चालत आलेलं, ग्रामीण भागातलं, घरोघरी जाऊन होणारं सर्वेक्षण. याचा मोठा गुण असा की साधन तेच राहतं : अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. पाचवीतली भागाकार येणारी मुलं देशात २०१८ ला २७.८ टक्के, २०२२ ला २५.६, २०२४ ला ३०.७. इथे तुलना करता येते, कारण पट्टी तीच आहे. पण जिल्ह्यावर आलात की पाय जपून टाकावा लागतो. एका जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, म्हणजे ६०० घरं. त्यात पाचवीतली मुलं किती सापडणार? म्हणूनच जिल्ह्याच्या तक्त्यात तिसरी ते पाचवी एकत्र दिलेली असते. सर्वेक्षण करणारे सावध असतात, वाचणारे नसतात. दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला की जिल्हा वर गेला, जिल्हा खाली आला, अशी चर्चा सुरू होते.

आता आकड्याच्या आत काय असतं ते पाहू. ५२ मधून २७ वजा करा, असं तीन मुलांना सांगितलं. पहिल्याने ३५ लिहिलं. त्याने २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ काढले. दुसरीने पाटीवर ५२ रेघा मारल्या, २७ खोडल्या, उरलेल्या मोजल्या आणि २५ लिहिलं. तिसऱ्याने दशक सुटा केला आणि २५ लिहिलं. तक्त्यात पहिला चूक, बाकीचे दोघे बरोबर. पण शिकवण्याच्या दृष्टीने पहिला आणि तिसरा यांच्यात एकाच पायरीचं अंतर आहे. दुसरीला मात्र दशक म्हणजे काय इथपासून सुरुवात हवी असेल. नेमकी तीच यशस्वी म्हणून नजरेआड होते.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’ म्हणताना तर तीसमधून एक वजा करतो! मुलाने सत्तावीस ऐकून ७२ लिहिलं, तर त्याला स्थानिक किंमत कळलेली नाही की संख्येचं नाव वळणावर पडलेलं नाही? बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. ते योग्य होतं का, यावर मतभेद असू देत. पण त्यामागची अडचण खरी होती, आणि नुसती चूक-बरोबरची खूण ती दाखवत नाही.

आता जोखमीच्या भागाकडे येतो. आपल्याकडे आता पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या होतात. एकाच वर्षात तेच मूल पुन्हा तपासायचं, ही कल्पना चांगली आहे. प्रगती मोजायची तर असंच मोजावं लागतं. पण पेपर तपासणारे गुरुजी तेच, गुण भरणारेही तेच. त्या गुणांवरून केंद्राची, तालुक्याची क्रमवारी लागायला लागली, तर पायाभूत चाचणीत हात आखडता आणि शेवटच्या चाचणीत सैल, हा मोह कुणालाही होईल. यात शिक्षक वाईट आहेत असं नाही. ज्या मापावर माणसाची इभ्रत टांगली जाते, ते माप खरं बोलेनासं होतं.

आणि क्रमवारी अन्याय कसा करते? समजा, एका शाळेत वर्षाच्या सुरुवातीला वजाबाकी येणारी मुलं वीस टक्के होती, शेवटी पंचेचाळीस झाली. दुसऱ्या शाळेत सत्तर होती, ती बहात्तर झाली. यादीत दुसरी शाळा वर, पहिल्या शाळेला नोटीस. त्यातून पहिल्या शाळेच्या वर्गात दहाच मुलं असतील तर एक मूल ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलं की दहा टक्के हलतात. तिथे टक्केवारी काढणंच चुकीचं आहे. मुलं मोजा, नावानिशी मोजा.

मग करायचं काय? आमच्या मते तीन गोष्टी. देशाचं, राज्याचं चित्र हवं तर नमुना सर्वेक्षण ठेवा, पण त्यावरून शाळेला जाब विचारू नका. वर्गात तेच मूल, तेच कौशल्य, वर्षातून दोनदा पाहा, आणि गुणांबरोबर चूक कोणत्या प्रकारची होती ते लिहून ठेवा. आणि ती नोंद आधी त्या शिक्षकाच्या उपयोगाची असू द्या, वरच्या कार्यालयाच्या नंतर.

याला एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जाब विचारलाच नाही तर गरिबाच्या मुलाकडे कोण बघणार? आम्ही म्हणतो, जाब जरूर विचारा. फक्त प्रश्न बदला. ‘तुमचा जिल्हा कितवा?’ याऐवजी ‘३५ लिहिणाऱ्या त्या मुलासाठी तुम्ही पुढच्या आठवड्यात काय करणार?’ असं विचारा. याचं उत्तर ज्या केंद्रप्रमुखाकडे असेल, त्याच्याकडे मोजमाप झालं असं समजायचं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.