मंडळी कशासाठी? ‘स्मृतिचित्रे’ संशोधकाच्या नजरेनं वाचताना



दिवाळीत नेरला घरी गेले होते, तेव्हा ओळखीतली एक मुलगी सिनॉप्सिसचा मसुदा घेऊन आली. विषय होता ‘ख्रिस्ती मंडळीचा उद्देश व सभासदांची कर्तव्ये’. उद्दिष्टांचं पान उघडलं. पहिलं उद्दिष्ट, मंडळीच्या उद्देशाचा अभ्यास करणे. दुसरं, सभासदांच्या कर्तव्यांचा अभ्यास करणे. तिसरं, दोन्हींचा परस्परसंबंध तपासणे. मी पटकन म्हणून गेले, “अगं, ही उद्दिष्टं कुठे आहेत? शीर्षकाचेच तीन तुकडे केलेस तू.” ती हिरमुसली.

नंतर मलाच वाईट वाटलं. एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला लागले, तेव्हा मीही हेच केलं होतं. माझ्या गाइडनी समासात एकच प्रश्न लिहिला होता, “हे साध्य झालं की नाही, ते कशावरून ओळखणार?” म्हणून आज तिचाच विषय घेऊ आणि तो एका पुस्तकावर घासून पाहू. पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून ते भागांनी प्रसिद्ध झालं. आपण ते सहसा आत्मचरित्र म्हणून वाचतो. मंडळीच्या कर्तव्यांचा पुरावा म्हणून वाचलं तर काय दिसतं?

आधी शब्द बघा. मराठी बायबलमध्ये चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून एकत्र आलेली माणसं. दोन्ही शब्दांत इमारत नाही. आपल्या यवतमाळचंच उदाहरण घ्या. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. संस्था गेली, पण मंडळी काही तिच्यासोबत सामान बांधून गेली नाही. म्हणून ‘मंडळीचं कार्य’ म्हणून फक्त शाळा, दवाखाने आणि वसतिगृहं मोजलीत, तर तुम्ही मिशन मोजलं. मंडळी मोजायची राहूनच गेली. या विषयावर लिहिताना पहिली गल्लत इथेच होते.

हा फरक नारायण वामन टिळकांना चांगलाच बोचत होता. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, नंतर अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षं काम केलं, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. मिशनकडून पगार, मिशनकडून शिक्षण, मिशनकडूनच निर्णय. अशा व्यवस्थेत सभासद हा घेणारा होतो, देणारा होत नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे अनुयायी त्यात येऊ शकत होते. मंडळी कोणाची आणि कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर टिळकांनी लेखातून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ते स्वतःचं उत्पन्न सोडून दिलं.

मे 1919 मध्ये टिळक गेले. दरबाराला दोन वर्षंसुद्धा नीट मिळाली नाहीत.

आता प्रश्न असा की दरबार अयशस्वी ठरला का? घाईनं ‘हो’ लिहू नका. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे, म्हणून रमाबाई यशस्वी आणि टिळक अयशस्वी, असं म्हणणं म्हणजे संस्थेचं आयुष्य हाच निकष धरणं. तो निकष तुम्ही निवडलात, की नकळत आला? जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यानं टिळकांचं चरित्र लिहिलं आणि 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. त्याच्यावर टिळकांची छाप होती. म्हणजे निकष बदलला की निष्कर्षही बदलतो.

पण टिळकांना पूर्ण सूट देता येत नाही, आणि ती न देण्याचं कारण लक्ष्मीबाईंच्याच पुस्तकात सापडतं. ‘स्मृतिचित्रे’मधले टिळक हातातले पैसे समोरच्या गरजवंताला देऊन रिकाम्या हातानं घरी येतात. उद्देशाच्या बाजूनं बघितलं तर यापेक्षा चांगला सभासद मिळणार नाही. पण मग संध्याकाळची चूल कोणी पेटवायची? आलेल्या-गेलेल्याला कोणी वाढायचं? घरात आपल्या-परक्या मुलांचा राबता, त्यांचं दुखणंखुपणं कोणी काढायचं? ते लक्ष्मीबाईंनी केलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईनं जातीचा विटाळ मनातून कसा गेला, तेही लिहिलंय. ‘सगळे समान’ हे तत्त्व कोणाच्या हातचं पाणी पिण्यापर्यंत यायला काय काय लागतं, ते या पुस्तकात कळतं.

माझं म्हणणं इतकंच आहे. टिळकांनी मंडळीचा उद्देश सांगितला, तिची कर्तव्यं मात्र मोठ्या प्रमाणात लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडली. आणि दरबाराविषयी लिहिताना आपण टिळकांचं नाव घेतो, कष्टांचं खातं उघडतच नाही.

हा काही आजचा नवा प्रश्न नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच मंडळीत तक्रार येते की रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवांना वगळलं जातंय. उद्देश सगळ्यांना पाठ होता, भाकरी मात्र सगळ्यांपर्यंत पोचत नव्हती. मग त्या कामासाठी सात माणसं नेमली गेली. संशोधकाच्या भाषेत सांगायचं तर तिथे उद्देशाला पहिल्यांदा निकष मिळाला, वाटपाच्या यादीत कोण सुटलं?

एक सावधगिरी. ‘स्मृतिचित्रे’ हा एका घराचा पुरावा आहे. लिहिणारी विनोदी आहे, तिचा नवऱ्यावर जीव आहे आणि ती बऱ्याच वर्षांनी आठवून लिहितेय. यावरून ‘मराठी मंडळीत असंच होतं’ असा निष्कर्ष काढाल तर व्हायवामध्ये पहिल्या पाच मिनिटांत अडकाल. या पुस्तकातून प्रश्न घ्यायचा. उत्तरासाठी मंडळीची वहीखाती, सभेची इतिवृत्तं आणि मुलाखती लागतील.

त्या मुलीच्या उद्दिष्टांचं शेवटी आम्ही असं केलं. पहिलं, मंडळीच्या घटनेत सभासदांची कोणती कर्तव्यं लिहिली आहेत, ते नोंदवणे. दुसरं, आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं अशा प्रसंगी गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष कोण धावलं, ते कुटुंबागणिक विचारणे. तिसरं, लिहिलेलं आणि घडलेलं यांत अंतर कुठे पडतं आणि ते काम कोण, विशेषतः कोणत्या बायका, नावाशिवाय करतात, ते शोधणे.

वाचून ती म्हणाली, “ताई, तिसऱ्याचं उत्तर मला आत्ताच माहितीये. माझी आई.”

मी म्हटलं, “मग पहिली मुलाखत तिचीच घे. फक्त उत्तर आधी लिहून ठेवू नको.”