फिरता छायाचित्रकार आणि न उमटलेली वारी

नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घडले की ज्ञानेश्वरांची पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामास येते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्यास आजचे रूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. म्हणजे मुंबई इलाख्यात छायाचित्रणाची कला रुजली तेव्हा लोणंदची वाट वारकऱ्यांनी गजबजलेलीच होती. परंतु त्या काळच्या फिरत्या छायाचित्रकारांची जी चित्रे आपण अभ्यासतो त्यांत प्रामुख्याने दिसतात ते विजापूरचे घुमट, बदामीची लेणी आणि ओस वाटणारी प्रांगणे. त्यावरून ‘साहेबाला दगड दिसला, माणूस दिसला नाही’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही; पण फार लवकर काढलेला आहे.

कॅप्टन थॉमस बिग्ज यांचे उदाहरण घेऊ. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. दुसऱ्याच वर्षी, 1855 मध्ये, मुंबई तोफखान्यातील या अधिकाऱ्यास पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी सरकारने नेमले. बिग्ज यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथे कागदी निगेटिव्हवर काम केले. पुढे त्यांना लष्करी कामावर परत बोलावण्यात आले आणि ही कामगिरी डॉ. पिगू यांच्याकडे गेली. कामाची आज्ञाच वास्तूंपुरती होती, हा एक भाग झाला. दुसरा भाग कागदाचा. कागदी निगेटिव्हवर प्रतिमा उमटण्यास मिनिटे लागत. तेवढा वेळ घुमट निश्चल राहतो, माणूस राहत नाही. डागेर यांनी 1838 मध्ये पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा सारी वर्दळ नाहीशी झाली आणि बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला गृहस्थच तेवढा ओळखू येण्याजोगा उरला! पॅरिसच्या रस्त्याला आपण निर्मनुष्य म्हणत नाही. मग विजापूरच्या प्रांगणाला का म्हणावे?

आर्चर यांनी 1851 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीने प्रतिमा लवकर उमटू लागली, पण प्रवाशाचे हाल वाढले. काचेवर कलोडियनचा थर ओतायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी तिच्यावरील प्रतिमा रसायनांनी प्रकट करायची. सारे काही मिनिटांत. म्हणून अंधाराचा तंबू बरोबर न्यावा लागे. चित्र काचेच्याच आकाराचे निघे; मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठा कॅमेरा, जड तिवई. दख्खनच्या उन्हात थर अधिकच लवकर वाळे, आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी मिळाले नाही तर दिवसाचे श्रम फुकट जात. छायाचित्रकाराच्या एका नावामागे गाडीवान, ओझेवाले, पाणी आणणारे असे कितीतरी हात असत. इतिहास त्यांच्याविषयी काही बोलत नाही, आणि समीक्षकही बोलत नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटते.

आता हा सरंजाम घेऊन कोणी आषाढाच्या तोंडावर लोणंदला आला असता तर? आभाळ भरलेले, प्रकाश मंद, तंबू भिजलेला, आणि समोर क्षणभरही न थांबणारी दिंडी. रिंगणातील अश्वाची फार तर एक पुसट रेघ काचेवर उमटली असती. ज्या समाजाची भक्ती चालण्यात आहे, त्याला टिपण्यास त्या काळचे साधनच असमर्थ होते.

याउलट, माणूस टिपलेला दिसतो तेथे अधिक सावध राहावे. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांत (1863 व 1866) व्यक्ती एकीकडे छायाचित्रित केलेल्या आहेत, आणि निराळ्या घेतलेल्या स्थळदृश्यांवर त्या आणून बसविल्या आहेत. पोशाखाच्या अभ्यासास ही चित्रे मोलाची आहेत. पण मागचा देखावा पाहून ‘ही मंडळी येथे वावरत’ असे प्रबंधात लिहिणे ही चूक होय. बिग्ज यांच्या रिक्त प्रांगणापेक्षा जॉन्सन यांचे भरलेले चित्र पुरावा म्हणून दुबळे आहे, असे माझे मत आहे.

मॅडॉक्स यांनी 1871 मध्ये कोरडी काच सुचविली आणि दशकाअखेर ती तयार मिळू लागली, तेव्हा अंधाराचा तंबू सुटला. यानंतरच्या पिढीतील धुंडिराज गोविंद फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, आणि 1913 मध्ये हलणारी माणसे पडद्यावर आणली ती त्यांनीच.

या संग्रहांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने रिक्त दिसणाऱ्या चित्राचा खालचा भाग आणि कडा भिंगाखाली अवश्य पाहाव्यात. पायरीपाशी एखादा धुरकट डाग, पायांवाचून उरलेले पागोटे किंवा दोनदा उमटलेला हात तेथे सापडू शकतो. असा डाग निगेटिव्हचा दोष म्हणून सोडून देऊ नये; तेथून कोणी चालत गेले असण्याचा संभव आहे.